कफील हजर

"उद्या सकाळी कफील ऑफिसात हजर पाहिजे," अरबीत एवढंच सांगून पलीकडच्या बाईने फोन ठेवला, आणि कादिरच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. फोन कुठल्याशा फायनान्स कंपनीतून होता. कादिरने कधी कुणाकडून कर्ज घेतलं नव्हतं. मग त्यांना त्याचा कफील कशाला हवा होता?

कफील म्हणजे कोण, हे जेद्द्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ज्याच्या नावावर आपला इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तो कफील. ज्याच्या कपाटात आपला पासपोर्ट पडून असतो, तो कफील. कादिरचा पासपोर्ट गावी जाण्यापुरता तेवढा बाहेर येई आणि परतल्यावर मुकाट्याने आत जाई.

आणि कादिरच्या पोटात एक चोरी होती. एसी मेकॅनिकची ड्युटी संपली की तो वस्तीतले फ्रीज, कूलर गुपचूप दुरुस्त करून द्यायचा. कफील सोडून दुसऱ्याचं काम करणं हा इथे गुन्हा. उघडकीला आला की खुरूज, म्हणजे कायमचं चंबूगबाळं आवरून परत. त्याच्या मुलीची, झेबाची, दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. तिला अर्ध्यावर उठवून रत्नागिरीला नेऊन बसवायचं, या विचारानेच त्याने भाकरी बाजूला सारली.

"तिनंच नाव दिलंन तुमचं," त्याची बायको शरफुन्निसा म्हणाली. "मी सांगत होते, त्या लोकांत जाऊ नका."

ती म्हणजे आलिमा. चाडहून आलेली, काळीकुळकुळीत, गल्लीच्या तोंडाशी मासळी तळून विकणारी विधवा. नवरा गेल्यावर आपला पासपोर्ट तिने कफीलशी भांडून सोडवून आणला होता, आणि त्या भांडणाची गोष्ट सगळी वस्ती चवीने सांगत असे. शरफुन्निसा तिची मासळी घरात घ्यायची, तिला मात्र दाराबाहेर उभी करायची. कादिरनेही त्यात कधी काही वावगं मानलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात त्या कंपनीची माणसं वस्तीत आली होती. ज्यांचा रंग आणि देश बघून बँका दारातूनच वाटेला लावतात, त्यांना धंद्यासाठी भांडवल देणार, असं सांगत फिरत होती. कादिरने ते हसण्यावारी नेलं. त्या वेळी तो आलिमाच्या फ्रीझरमध्ये डोकं घालून बसला होता. डोकं बाहेर काढलं, तर आलिमा त्याच्याकडे बोट दाखवून त्या माणसांना काहीतरी सांगत होती. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही. आता त्याला वाटलं, ते बोट आपल्या चोरीकडेच होतं.

कफीलला त्याने काही कळवलं नाही. पाया पडायची वेळ आली तर एकट्यानेच पडू, असं ठरवून तो सकाळी निघाला. ऑफिसच्या बाहेर बाकावर आलिमा बसलेली. त्याला बघून ती हसली. साक्षीदारसुद्धा आणून बसवलीय, असं मनात म्हणत त्याने मान फिरवली.

आत अरवा नावाची तरुण अधिकारी होती. कादिरने खुर्चीत न बसताच सांगून टाकलं, की कफील आलेला नाही, येणारही नाही. अरवाने समोरचा कागद पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"कफील तर आलाय. आलिमाचे कफील तुम्हीच आहात."

मग तिने त्याला बसवून समजावलं. त्यांच्या कामात कफील म्हणजे जामीन राहणारा. आलिमाला लहानसा गाळा हवा होता. तिच्यासाठी वस्तीतल्या कुणीतरी जामीन राहायला हवं, आणि तिने कादिरचं नाव दिलं होतं. कादिर खुर्चीत जरा सैलावतो, तोच अरवाने पेन उचललं.

"ती भरवशाची आहे हे तुम्हाला कशावरून माहीत?"

शेजारीण आहे, एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. पण जिच्या मासळीवर आपण जेवतो आणि जिच्यावर रात्रभर संशय घेतला, तिच्याबद्दल एवढंच बोलायची त्याला लाज वाटली. खरं सांगावं, तर स्वतःची चोरी स्वतःच्या तोंडाने सांगावी लागत होती. झेबाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तरी तो बोलला.

"तिचा फ्रीझर बंद पडला होता, तेव्हा तिने सगळी मासळी मांजरांना घातली. एक तुकडा विकला नाही. मी रत्नागिरीचा आहे, बाई. शिळी मासळी मला लांबूनच कळते. आणि तो फ्रीझर दुरुस्त मीच केला."

अरवाचं पेन थांबलं. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"मी फक्त तिच्याबद्दल विचारलं होतं," ती म्हणाली, आणि तिने मांजरांपर्यंतचंच लिहून घेतलं.

कादिरने सही केली. बाहेर आल्यावर आलिमा लगबगीने उठली.

"झालास माझा कफील?"

त्याने मान डोलावली. तिच्याकडे बघायचा धीर त्याला होईना. आलिमाने पिशवीत हात घालून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने गाठ सोडली. आत तिचा पासपोर्ट होता.

"हा मला कशाला?"

"कफीलकडेच ठेवायचा असतो ना," आलिमा म्हणाली. "कुणाकडे तरी द्यावाच लागणार, तर म्हटलं, तुझ्याकडे असू दे."