मीठ बघणारी
खानावळ चालवणाऱ्या आईला स्वतःच्या जिभेचा भरवसा नव्हता. लेक एवढीशी होती तेव्हापासून मीठ बघायचं काम तिचंच. तळहातावर रस्सा घ्यायची, चाटायची आणि फर्मान सोडायची, “अजून चिमूटभर!” आई डोळे झाकून घालायची. आता लेकीचं शरीर आपल्याच मूत्रपिंडांवर उलटलं होतं. “माझ्या हातच्या मिठानंच झालं का हो?” आईनं विचारलं. “एकट्या मिठाला दोष देता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण आगीत तेल नको. मीठ कमी करा.” पहिलं वाक्य तिच्या कानात शिरलंच नाही. घरी येताच तिनं मिठाची बरणी माळ्यावर टाकली, लेकीपुरता बिनमिठाचा रस्सा केला आणि सवयीनं पळी पुढे धरली. मग थिजलीच. लेकीनं तळहात पसरला, चाटलं, आईकडे बघितलं. “मीठ बरोबर पडलंय गं.” भीडभाड न ठेवणारी ती जीभ पहिल्यांदाच खोटं बोलली.