बसलेल्या डोळ्यांची उंची

बेचाळीस इंच.

माशांच्या टाकीचा स्टँड खाटेशेजारी उभा केला आणि तिला त्याची खालची बाजू दिसली. फळीचा तळ, चार बोल्ट, पॉलिश करायचा राहून गेलेला एक कोपरा.

"छान झालाय रे दादा," ती उशीवरून म्हणाली. "खालून तर फारच छान."

दादा सुतार. माप एकदाच घ्यायचा. दुसऱ्यांदा टेप काढणाऱ्याला तो हौशी म्हणायचा. दोन महिन्यांपूर्वी बहीण उशांना टेकून बसली होती, तेव्हा त्याने जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत टेप ताणली, टाकीची अर्धी उंची वजा केली आणि आकडा डोक्यात घेऊन गेला. नंतर ती बसेनाशी झाली. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. दर रविवारी तो येत होता, आडव्या बहिणीशी तासभर गप्पा मारून जात होता. दुकानात परतल्यावर मात्र त्याने लाकूड बसलेल्या बहिणीच्या मापाचंच कापलं.

टाकी भिंतीशी जमिनीवर होती, काठोकाठ भरलेली, खाली वर्तमानपत्र. तीन दिवस झाले, कागद कोरडा.

टाकी तिच्या नवऱ्याने केली होती. दुकानांच्या पाट्यांवरची अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापून चिकटवणं हा त्याचा धंदा. अक्षर पडलं तर पुन्हा लावता येतं. पाणी धरणारा जोड त्याने आयुष्यात केला नव्हता. पहिल्या जोडात बुडबुडेच बुडबुडे. तो त्याने करवतीने उडवला आणि दुसऱ्या वेळी सिरिंज घेतली. घरात सिरिंजना तोटा नव्हता. नर्सबाईंनी शिकवलं होतं तसंच केलं: आधी हवा काढायची, मग सुई टेकवून सावकाश दाबायचं, श्वास रोखून. चार महिन्यांत हात बसला होता. चिकटवायचा द्रव फटीतून असा सरकत गेला की आता जोड बोटाने शोधावा लागत होता.

मासे अजून यायचे होते. पाणी आठ दिवस तसंच राहू द्या, असं दुकानदार म्हणाला होता. दोन दिवसांत नाही का जमणार, असं नवऱ्याने दोनदा विचारलं. दुकानदार म्हणाला, जमेल, पण मग मासे मरतील. हे घरी कळल्यावर ती हसली होती. त्यांनाही थांबायला लावलंत का, म्हणाली.

नवऱ्याने करवत आणून दिली. चारही पाय बावीस इंच कापून टाकू, म्हणजे टाकी हिच्या डोळ्यांसमोर येईल, असा त्याचा हिशेब. दादाने करवत घेतली नाही. खिशातून टेप काढली. खाटेशी गुडघ्यांवर बसला, पट्टी जमिनीला टेकवून वर आणली. पत्रा गालाजवळ आला तशी तिने पापणी मिटली.

"डोळा उघड, ठमे."

लहानपणी ती गोलमटोल होती, तेव्हाचं नाव. तिने डोळा उघडला.

टाकीची अर्धी उंची वजा जाता वीस इंच.

"कापत नाही," दादा म्हणाला. "भोकं पाडतो. बोल्ट काढायचे, फळी हवी तिथे लावायची."

नवऱ्याने पाय धरला, दादाने ड्रिल लावलं. चाळीस. अडतीस. दर दोन इंचांवर एक. एवढी कशाला, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा दादाने बरीच कारणं दिली. गादी बदलते, उशी बदलते, उद्या डॉक्टर डोक्याकडची बाजू उचलायला सांगतील, मग दर वेळी मला बोलावणार का दाजी. बोलताना तो वर बघत नव्हता. तीस. अठ्ठावीस. लाकडाचा भुसा नवऱ्याच्या मनगटावर साचत होता.

वीस आलं. थांबायला हवं होतं.

अठरा. सोळा. त्या उंचीवर खाटेची लोखंडी कड होती. बारा. तिथे खाटेखालचा अंधार होता, आणि भांडं. हात आपला चालत होता, एकसारख्या अंतरावर, रेघेत एकही भोक इकडे-तिकडे नाही.

"दादा," नवरा हळूच म्हणाला.

आठ. सहा.

"दादा, पुरे."

चार इंच. ड्रिल थांबलं. पुढे जमीनच होती.

दादाने टोक फुंकून साफ केलं, ते साफच होतं तरी. नवरा पायावरचा हात काढायला विसरला होता. ती कुशीवर होती आणि तिच्यासमोर, हातभर अंतरावर, भोकांची ती रांग सरळ खाली उतरत गेली होती. तिने ती वरून खाली बघितली. मग खालून वर. वर, बेचाळिसाच्या बोल्टपलीकडे, टाकी सरकू नये म्हणून सोडलेले पायांचे शेंडे होते, कोरे.

"दादा," ती म्हणाली, "वर पण जागा आहे की."

दादाने तिच्याकडे बघितलं नाही. तो उठला, उठताना गुडघा वाजला. डाव्या हाताने शेंडा घट्ट धरला. नवऱ्याने पुन्हा पाय धरला, पहिल्यापेक्षा जोरात. ड्रिल सुरू झालं. भुसा या वेळी उशीवर पडला, तिच्या केसांत पडला. कोणी झटकला नाही, तिनेही नाही.

चव्वेचाळीस.

सेहेचाळीस.

त्याच्यावर लाकूड नव्हतं.