भिंतीला खिळा

मास्तरांनी हातोडी उचलली आणि आधी जमिनीकडे पाहिलं.

"खाली कोणी झोपलं असेल का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"भर दुपारी?" बायको म्हणाली. "झोपलं असेल तर उठवायलाच हवं. घाला घाव."

शाळेत मास्तरांनी खाकरलं तरी पलीकडचा वर्ग गप्प बसायचा. घरात मात्र ते कुजबुजत. उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला, आणि प्रत्येक घरमालकाने किल्ली देताना कानात एकच मंत्र सांगितलेला: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मास्तरांनी तो गुरुमंत्रासारखा पाळला. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, सदरे दाराच्या कडीला, आरसा खुर्चीवर. आईची देवाची तसबीर कपाटावर, पिठाच्या डब्याला टेकून.

काल या नव्या इमारतीत सगळ्यांनाच आपापल्या घराचा ताबा मिळाला. आता तसबीर पलंगावर आईशेजारी होती, आणि समोर एक अख्खी कोरी भिंत. त्यांची स्वतःची.

"मध्यावर घेऊ की जरा डावीकडे?" मास्तर म्हणाले. "देवाला काय आवडेल?"

"त्याला काय विचारतोस?" आई म्हणाली. "तोही आपल्याबरोबर बिऱ्हाडं बदलून शिणलाय बिचारा. कुठेही लाव, पण लाव. टेकून टेकून त्याची पाठ धरली असेल."

मास्तरांनी ठोकला. खिळा वाकला. दुसरा लावला, तोही वाकला. तिसरा टणकन उडाला तो थेट बाल्कनीत. सगळी इमारतच साच्यात काँक्रीट ओतून उभी केलेली. तशी स्वस्तात झाली म्हणून तर मास्तरांच्या पगारात बसली. भिंतीवर नुसता एक ओरखडा आला.

"राहू दे," मास्तर घाम पुसत म्हणाले. "कपाटावर काय वाईट दिसतो देव?"

आईने तसबीर उचलून मांडीवर घेतली आणि पदराने काच पुसू लागली. पुसलेलीच काच पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

ते पुसणं मास्तरांना लागलं. त्यांनी नवा खिळा धरला, दात आवळले आणि असा घाव घातला की भांडी किणकिणली.

लगेच दारावर थाप पडली.

मास्तरांचा चेहरा उतरला. हातोडी पाठीमागे गेली. "सांगत नव्हतो? आली तक्रार. आता काढतील आपल्याला."

"कोण काढणार?" बायको म्हणाली. "घरमालक तुम्ही. काढा स्वतःला!" आणि तिने दार उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरचे बसड्रायव्हर उभे होते. धिप्पाड माणूस, अंगात बनियन, कपाळावर घाम. मास्तरांनी घाईघाईने हात जोडले, त्या जोडल्या हातांत हातोडी तशीच.

"चुकलं साहेब. पुन्हा नाही ठोकणार."

"अहो, असं नका करू!" ड्रायव्हरच घाबरले. "सकाळपासून हातोडी घेऊन बसलोय. आमचाही जन्म भाड्याच्या खोलीत गेलेला, हिंमत होत नव्हती. तुमचा आवाज आला, म्हटलं, वरचे ठोकतायत तर आपणही ठोकू." त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर वाकलेल्या खिळ्यांचा ढीग. "एवढंच विचारायला आलो. तुमचा गेला का आत?"

मास्तर त्या खिळ्यांकडे पाहत राहिले. मग हसले. पोट धरून, मोठ्याने, शाळेतल्या आवाजात हसले. जिना दणाणला.

"साध्या खिळ्यांनी नाही जायचा, भाऊ!" वरच्या कठड्यावरून एक बाई वाकल्या. "काँक्रीटचे वेगळे मिळतात. मी पुडी आणून ठेवलीय कालच. पण म्हटलं, पहिल्याच दिवशी ठोकाठोकी, लोक काय म्हणतील!"

"लोक आम्हीच ताई!" मास्तर ओरडले. "आणा पुडी!"

काळा, आखूड, जाड खिळा. ड्रायव्हरांनी पक्कडीत धरून दिला, मास्तरांनी ठोकला. पहिल्या घावाला भिंत अडली, दुसऱ्याला किंचित नमली, मग गेला. करकरत, हट्टाने, भिंतीच्या पोटात गेला. मास्तर त्याला लोंबकळायचेच बाकी होते.

बायकोने तसबीर चढवली. जन्मभर टेकून बसलेला देव आज ताठ उभा राहिला. आईने हात जोडले. काहीतरी म्हणायला तिचे ओठ हलले, पण शब्द ऐकू आले नाहीत, कारण पुडी घरोघर फिरू लागली होती. खालून एक घाव आला, वरून एक, पलीकडच्या जिन्यातून दोन. बघता बघता सगळी इमारत ठेका धरून वाजू लागली.

मास्तरांनी पुडीतून काढून ठेवलेला आणखी एक खिळा घेतला आणि ते समोरच्या भिंतीकडे वळले.

"अहो, तिथे काय टांगायचंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"ठोकायचाय."

बायकोने सासूकडे पाहिलं. आईने डोळे पुसले.

"मग दोन ठोक," ती म्हणाली.