होमकमिंगचं आमंत्रण

गेल्या सीझनला यशच्या छोट्याशा कॉलेजची अमेरिकन फुटबॉल टीम एकही मॅच जिंकली नाही. तरी यशचे बाबा पंडित त्यांचा जुना वर्गमित्र कुशल याच्या फ्रिस्को शहरातल्या नव्या बंगल्यावर, भर पार्टीत, कौतुकाने सांगत होते, "हरले असतील, पण चार कॉलेजांनी होमकमिंगच्या मॅचला आमच्या यशच्याच टीमला बोलावलं. केवढा मान."

कुशल हसला. "मान कसला यार. त्या दिवशी कॉलेजचे माजी विद्यार्थी येतात. त्यांच्यासमोर जिंकायचं असतं, म्हणून हमखास हरणारी टीम बोलावतात."

सगळे हसले. पंडितही हसले.

भाड्याच्या अपार्टमेंटकडे परतताना गाडीत त्यांची बायको उपासना म्हणाली,

 

"कुशलभावोजी प्रत्येक पार्टीला आपल्याला एवढं आठवणीने का बोलावतात हो?"