नारळाची वडी

चनबसाप्पांच्या घशातनं आवाज निघेना. दोन्ही हात गळ्याशी गेले, डोळे मोठे झाले आणि मांडीवरची पोह्याची बशी खाली पडली. नारळाची अख्खी वडी तोंडात टाकून त्यांनी नुकतंच विचारायला सुरुवात केली होती, "पोरी, नोकरी करतीस, मग घरचं..." प्रश्न तिथंच तुटला.

समोर सौंदर्या मान खाली घालून बसली होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आईनं सकाळपासून चारदा बजावलं होतं. हे सातवं स्थळ. आधीच्या दोघांना तिची उंची खुपली, एकाला नोकरी. बाकीचे कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करतो म्हणाले आणि गप्प बसले. चनबसाप्पा गडमुडशिंगीचे, गुळाचे व्यापारी, मुलाचे वडील. धिप्पाड माणूस. घर चांगलं होतं. या वेळी तरी जमावं म्हणून सौंदर्याच्या वडिलांनी, प्रभुलिंग मास्तरांनी, सोमवार धरले होते.

"पाणी द्या त्यांस्नी, पाणी," मास्तर म्हणाले आणि पाहुण्यांच्या टाळूवर थापट्या मारायला लागले. चनबसाप्पांच्या बायकोनं, शांतव्वांनी, तांब्या उचलला. सगळे एकदमच बोलू लागले.

सौंदर्यानं मान वर केली. चनबसाप्पांचे ओठ निळे पडत होते. खोकलाही येत नव्हता. शिरोलीच्या ज्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत ती ऑफिसात कामाला होती, तिथं गेल्या वर्षी तीन दिवस प्रथमोपचार शिकवले होते. ऑफिसातल्या एकानं तरी बसलंच पाहिजे, असा हुकूम होता. पुरुषांनी अंग काढून घेतलं, म्हणून तिचं नाव गेलं. शिकवायला आलेल्या डॉक्टरांचं एक वाक्य तिला पाठ झालं होतं. खोकणाऱ्याला खोकू द्या. ज्याचा आवाज बंद झाला, त्याच्याजवळ वेळ नसतो.

ती उठली. "पाणी देऊ नका."

कुणी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, या वेळी ऑफिसातनं भट्टीवरच्या माणसाला हाक मारावी तशी. तेव्हा एकट्या सोमशेखरनं, ज्याच्यासाठी तिला बघायला आले होते त्यानं, आईच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"काय करू?" त्यानं विचारलं.

"उभं करा त्यांना. पुढं वाकवून धरा."

त्यानं धरलं. सौंदर्यानं दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताचे पाच दणके घातले. वडी हलली नाही. मग ती मागं गेली. दोन्ही हात त्यांच्या पोटाभोवती टाकले. एक मूठ बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली. दुसरा हात त्या मुठीवर. पदर खांद्यावरनं घसरला, तो सावरायला हात मोकळा नव्हता. आईनं डोळे मिटून घेतले.

आत आणि वर, एक झटका. दुसरा. तिसरा. चनबसाप्पांचे गुडघे वाकू लागले, सोमशेखरनं त्यांना काखेत धरून पेललं. चौथ्या झटक्याला वडी उडाली आणि बैठकीच्या नव्या चादरीवर पडली. चनबसाप्पांनी लांब, घरघरता श्वास ओढला. मग खोकत खोकत खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"दवाखान्यात दाखवून घ्या," सौंदर्या पदर सारखा करत म्हणाली. "पोटाला आतनं मार बसतो कधी कधी."

पाच मिनिटांत रिक्षा आली आणि पाहुणे गेले. पसंत नाही की नापसंत नाही. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या.

"सासरा व्हणाऱ्या माणसाला मागनं मिठी मारलीस," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"जीव चाललेला त्यांचा, आई."

"मला कळतंय की गं. त्यांस्नी कळाय पायजे."

मग तिचं लक्ष लेकीच्या हातांकडं गेलं. दणके घालून तळवे लालबुंद झाले होते. आईनं ते आपल्या ओंजळीत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. उरलेले पोहे तिनं स्वतःच्या हातानं लेकीला भरवले. मास्तर उंबऱ्यावर बसून होते. ते मागं न बघताच म्हणाले, "स्थळं मिळतील. तू बरोबर केलंस."

दिवेलागणीला दारात रिक्षा थांबली. चनबसाप्पा पोट धरून सावकाश उतरले. मागं शांतव्वा, त्यांच्या मागं सोमशेखर. सौंदर्या आत जायला वळली.

"थांब, पोरी," चनबसाप्पा म्हणाले. आवाज अजून बसलेला होता. "पोट ठीक हाय म्हणाला डाक्टर. आणि म्हणाला, आणखी दोन-चार मिन्टं गेली असती, तर दवाखान्यात यायची गरजच न्हवती." शांतव्वांनी पुढं होऊन सौंदर्याच्या गालावरनं हात फिरवला.

चनबसाप्पा मास्तरांकडं वळले. "मास्तर, सकाळी आमी पोरगी बघाय आलतो. आत्ता त्यासाठी आलेलो न्हाय. आमचा पोरगा तुमच्या पोरीला पसंत हाय का, तेवढं विचाराय आलोय."

सोमशेखरचे कान लाल झाले होते. सौंदर्यानं त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट, वेळ घेऊन बघितलं.

"सांगितल्यालं ऐकत्यात," ती म्हणाली. "पसंत हाईत."