डावं पेडल

“आजही काहीच म्हणाली नाहीस,” संध्याकाळी सायकलला तेल घालता घालता मास्तर म्हणाले.

“म्हटलं असतं तर ऐकणार होतात?”

मास्तरांनी तेलाचा आणखी एक थेंब सोडला.

उद्या सकाळी त्यांना सायकलवर निघायचं होतं. डोंगर ओलांडून थेट समुद्रापर्यंत. गावच्या दवाखान्यात डायलिसिसचं यंत्र नव्हतं. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं बसने शहर गाठायची, एखादं वाटेतच संपायचं. यंत्रासाठी वर्गणी जमावी म्हणून ही सफर. कल्पना मास्तरांचीच. सभेत टाळ्या पडल्या, चौकात त्यांचा फोटो लागला, आणि मग त्यांची छाती दुखायला लागली.

“चढ अजिबात चढायचा नाही,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते घरातल्या दोघांनाच ठाऊक होतं.

“सांगून टाका की लोकांना,” बायको आधी रोज म्हणायची.

“काय सांगू? मास्तर नुसता बोलघेवडा निघाला म्हणून?”

एकदा शब्दाने शब्द वाढला. “तुला माझं नाक कापलेलंच बघायचंय,” असं ते म्हणाले, तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं.

“चला, सायकलचं तेलपाणी झालं,” मास्तर उठले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. “हे धुऊन येतो.”

न्हाणीत पाणी पडू लागलं. सायकल ओसरीत भिंतीला टेकलेली होती, उजवी बाजू भिंतीकडे. पाना सीटवरच राहिला होता. तिने तो उचलला.

सपाट रस्त्यावरच पेडल निखळलं तर ते पडतील. गुडघा फुटेल. फुटू दे. छाती फुटण्यापेक्षा गुडघा बरा. आणि मोडक्या सायकलीवरून परत आलेल्या माणसाला कोण हसतं?

दवाखान्याच्या औषध विभागात तिचा दिवस बाटल्या उघडण्यात जायचा. झाकण उघडताना मनगट वळतं, त्याच बाजूला तिने डाव्या पेडलचा पाना वळवला. नजर न्हाणीच्या दाराकडे. पेडल सहज फिरलं. तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी सहज. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते अडल्यासारखं झालं. एवढं पुरे, म्हणून तिने पाना होता तिथे ठेवला.

सकाळी चौकात गर्दी होती. सायकल दुरुस्तीवाला हत्यारांची पिशवी घेऊन, सायकलच्या मागून जाणाऱ्या गाडीत बसला होता. मास्तरांनी डाव्या पेडलवर पाय ठेवला आणि दाबून पाहिलं. मग वाकून पाहिलं. मान वर केली ती थेट तिच्याकडे.

तिने नजर वळवली. कळलं वाटतं यांना.

मग त्यांनी हँडल धरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, “मास्तर, समुद्राला आमचा नमस्कार सांगा!” असं कुणीतरी ओरडलं, आणि मास्तर निघाले. ते वळणापर्यंत जाईतो ती त्यांच्या पडण्याचा आवाज येतो का ऐकत होती. आवाज आला नाही.

दुपारी परत आली ती मागची गाडी. पहिला चढ संपता संपता मास्तर सायकलवरून उतरले होते, कडेच्या दगडावर बसले होते, आणि तिथून उठलेच नव्हते.

भेटायला येणारी माणसं पांगल्यावर दुरुस्तीवाला सायकल घेऊन आला. बराच वेळ दारातच घुटमळला.

“वहिनी, एक कोडं सुटत नाही मला. आदल्या दिवशी मास्तर दुकानात आले होते. म्हणाले, ‘चढाच्या आधी मोडेल असं काहीतरी सांग बाबा. घरचंही माणूस आता अडवत नाही.’ मीच सांगितलं, डावं पेडल ढिलं करा. त्याचे आटे उलटे असतात. बाकी सगळं जिकडे फिरवून घट्ट होतं, तिकडे फिरवलं की हे सुटतं, आणि बाकीचं जिकडे सुटतं तिकडे हे आवळतं. ‘केलं ढिलं,’ असा त्याच दुपारी त्यांचा फोनही आला. वाटेत कुणी आवळायला सांगू नये म्हणून मी तर माझा पाना मुद्दाम दुकानात ठेवून निघालो होतो.”

त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि डाव्या पेडलवर सगळा भार दिला. ते जागचं हललं नाही.

“मग हे आवळलं कुणी?”