शांत मुलगी

डोकेदुखीसाठी बायकोच्या कानामागे मेंदूच्या लहरी सुधारणारी चकती बसवल्याच्या चौथ्याच दिवशी अभिजित तिला घेऊन पुन्हा दवाखान्यात आला.

"मशीन बिघडलंय, डॉक्टर. आज ही माझ्या आईला म्हणाली, भाजी आळणी आहे. एकवीस वर्षांत ‘चालेल’शिवाय काही बोलली नव्हती!"

"मलाही काहीतरी चुकतंय असं वाटतंय," हेमांगी म्हणाली. "सकाळी उगाचच उठावंसं वाटलं."

डॉक्टरांनी आलेख तपासला. "मशीन ठीक आहे. सौम्य नैराश्य होतं, लग्नाच्याही आधीपासूनचं. चकतीनं तेही उतरलंय."

हेमांगी गोंधळली. "म्हणजे बाकीच्यांना रोज असंच वाटतं?"

"साधारण असंच."

ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुला कधीच कळलं नाही?"

अभिजित चकतीकडे बघत राहिला. "मुलगी शांत आहे म्हणून तर आम्ही तुला पसंत केलं होतं."